धंदा क्लाउडवर नेताना: लहान व्यावसायिकांसाठी कायद्याच्या आठ पायऱ्या

दुकानाच्या माळ्यावरचा सर्व्हर काढून टॅली, ईमेल आणि ग्राहकांच्या फाइली क्लाउडवर (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या, इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) नेल्या की यूपीएसच्या बॅटऱ्या आणि मेंटेनन्सवाल्याच्या फेऱ्या संपतात. कायद्याची जबाबदारी मात्र माळ्यावरून हलत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ८ नुसार (मे २०२७ पासून लागू) ग्राहकांची माहिती तुम्ही दुसऱ्या कोणाकडून हाताळून घेत असाल, तरी कायद्याचं पालन झालं की नाही याचं उत्तर तुम्हीच द्यायचं, मग आपसातल्या करारात काहीही लिहिलेलं असो. म्हणजे जागा भाड्याची, पण आतल्या मालाची राखण आपलीच.

खालच्या पायऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, भागीदारी फर्म, दवाखाना, क्लास, व्यापारी अशांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. पहिली पायरी सगळ्यांत किरकोळ वाटते आणि बहुतेक भांडणं तिथूनच निघतात, म्हणून ती आधी करा.

पायरी १: खातं कोणाच्या नावावर आहे ते पाहा

नेहमीचा प्रकार असा. संगणकाचं काम बघणारा व्हेंडर स्वतःच्या जीमेलवरून क्लाउडचं खातं उघडतो, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, कार्ड त्याचं आणि बिल तो तुम्हाला स्वतःच्या लेटरहेडवर पाठवतो. दोन वर्षं सुरळीत जातात. मग पैशांवरून बिनसतं आणि लक्षात येतं की क्लाउड कंपनीच्या लेखी तिचा ग्राहक तो आहे, तुम्ही नाही. तिला फोन केलात तर ती तुमच्याशी बोलणारही नाही, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच आहे.

म्हणून आधी एवढं करा. मुख्य खात्याचा ईमेल तुमच्या डोमेनवरचा असू द्या. तोही एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाचा नको, पदाच्या नावाचा हवा. मोबाइल नंबर फर्मच्या नावाच्या सिमचा. दुहेरी पडताळणी चालू करा आणि तिचे बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. व्हेंडरसाठी वेगळा यूजर तयार करून त्याला कामापुरते अधिकार द्या. मुख्य पासवर्ड त्याच्याकडे असण्याचं काही कारण नाही. डोमेनचंही असंच तपासा. डोमेन ज्याच्या खात्यात, ईमेल त्याच्या मुठीत.

खातं आधीच व्हेंडरच्या नावावर असेल तर संबंध गोड आहेत तोवर बदलून घ्या. मुख्य ईमेल, फोन, बिलिंगचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक बदलल्याचे स्क्रीनशॉट घ्या, आणि ‘या खात्यावर व डेटावर माझा हक्क नाही’ असं दोन ओळींचं सहीचं पत्र घ्या. पुढच्या वर्षाचं एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) देण्याआधी मागितलं तर पत्र लवकर मिळतं.

पायरी २: काय काय ठेवणार त्याची यादी

एक तास काढा आणि एका कागदावर चार रकाने आखा: व्यक्तींची माहिती (ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी, कर्मचारी), हिशोबाची पुस्तकं, पैसे देण्याघेण्याची माहिती, आणि दुसऱ्या कंपन्यांची गोपनीय कागदपत्रं. चौथा रकाना सहसा विसरला जातो. मोठ्या कारखान्याची ड्रॉइंग तुमच्याकडे जॉबवर्कला येत असतील, तर त्यांच्या गोपनीयता करारात ‘लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या पक्षाकडे ठेवू नये’ असं कलम असू शकतं. क्लाउड हा तिसरा पक्षच.

यादी करतानाच फेकायचं ते फेका. ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर व्यापाऱ्याने साठवून ठेवणं रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केलं आहे. एखाद्या जुन्या एक्सेलमध्ये तसे नंबर असतील तर ती फाइल क्लाउडवर नेऊच नका, आहे तिथेच पुसा. कामगारांच्या आधार कार्डांचे व्हॉट्सॲपवर आलेले फोटो ड्राइव्हच्या सर्वांना उघड्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. त्याऐवजी शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार मागा. जे साठवलंच नाही ते फुटतही नाही.

पायरी ३: डेटा कोणत्या शहरात बसतो?

भारतीय कायद्याने सगळा डेटा भारतातच ठेवा असं सरसकट बंधन घातलेलं नाही. २०२३ चा कायदा, सरकारने मनाई केलेले देश सोडून, बाहेर डेटा नेऊ देतो. पण काही प्रकारच्या नोंदींना वेगळा नियम आहे आणि छोट्या कंपन्या नेमक्या तिथे अडकतात.

कंपनी कायद्याखालच्या लेखाविषयक नियमांत (नियम ३) ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. हिशोबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. आधी ‘ठरावीक काळाने’ पुरत होतं. पुस्तकं भारतातून केव्हाही उघडता आली पाहिजेत. शिवाय वार्षिक हिशोब दाखल करताना सेवा देणाऱ्याचं नाव, पत्ता, आयपी ॲड्रेस आणि तो परदेशी असेल तर भारतात पुस्तकं कोणाच्या ताब्यात आहेत त्या व्यक्तीचं नाव कंपनी निबंधकाला कळवावं लागतं. हे नियम कंपन्यांना आहेत. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मला नाहीत.

आता ‘टॅली ऑन क्लाउड’ घ्या. महिना काही शे रुपयांत कोणीतरी सर्व्हर देतो. तो सर्व्हर जर्मनीत आहे की नवी मुंबईत, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. सर्व्हर बाहेर असेल तर रात्री अकराला आपोआप भारतातल्या दुसऱ्या सर्व्हरवर बॅकअप जाईल अशी सोय करा. ऑफिसातल्या पेनड्राइव्हवरची प्रत व्यवहारात उपयोगी असली तरी या नियमासाठी तिच्यावर विसंबू नका. आणखी एक: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणती नोंद केव्हा बदलली याची नोंद) असणं सक्तीचं आहे आणि तो बंद करता येता कामा नये. क्लाउडवर हलवताना व्हेंडर जुनी आवृत्ती टाकून मोकळा होतो, आवृत्ती तपासा.

मोठ्या क्लाउडवर जागा निवडणं तुमच्या हातात असतं. ॲमेझॉनचे भारतातले रीजन (डेटा सेंटरची ठिकाणं) मुंबई आणि हैदराबाद, गुगलचे मुंबई आणि दिल्ली. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे आपलं पुणे. नावावरून नागपूर वाटेल, पण तसं नाही. नवं खातं उघडल्यावर कन्सोलच्या (खातं चालवण्याच्या पानाच्या) उजव्या कोपऱ्यात अनेकदा अमेरिकेतलं रीजन निवडलेलं असतं आणि घाईत पहिलं स्टोरेज तिथेच तयार होतं. स्टोरेजचं रीजन नंतर सहसा बदलता येत नाही. नवं बनवून सगळं कॉपी करावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर ॲडमिन सेंटरच्या संस्थेच्या प्रोफाइलमध्ये ‘डेटा लोकेशन’ दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट फाइलला लावा.

बॅकअप ‘आहे’ म्हणजे कुठे आहे, हेही विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एका ग्राहकाने पैसे भरून बॅकअप सेवा घेतली होती, पण बॅकअपही त्याच इमारतीत ठेवलेला निघाला. लीलच्या व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीला भरपाई द्यायला लावली. खटला जिंकला तरी डेटा गेला तो गेलाच. करारात ‘वेगळ्या इमारतीत’ हे शब्दच पुरेसे नाहीत, ‘वेगळ्या शहरात’ असं लिहून घ्या.

पायरी ४: करार वाचा, निदान ही पाच कलमं

मोठ्या कंपन्यांचा करार म्हणजे ‘आय ॲग्री’चं बटण. त्यात खाडाखोड करता येत नाही, तरी वाचायचा, कारण धोका किती आणि तो कुठे झाकायचा ते कळतं. स्थानिक व्हेंडरशी मात्र घासाघीस करता येते. तो करार मुद्रांकावर करा; महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो आणि मोठ्या रकमेच्या करारावर त्याहून जास्त.

पहिलं कलम नुकसानभरपाईच्या मर्यादेचं. ती बहुधा मागच्या १२ महिन्यांत तुम्ही भरलेल्या रकमेएवढी असते. महिन्याला ८,००० रुपये बिल असेल तर ९६,००० रुपये. तुमच्या ४० लाखांच्या वसुलीच्या याद्या गेल्या तरी तेवढेच, आणि ‘बुडालेला नफा’ त्यातूनही वगळलेला असतो.

दुसरं उपलब्धतेचं आश्वासन. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद पडायची मुभा, ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. हमी पाळली नाही तर रोख मिळत नाही, पुढच्या बिलात सूट मिळते, आणि तीही मुदतीत मागितली तरच. ॲमेझॉनच्या बाबतीत ही मुदत घटनेनंतरच्या दुसऱ्या बिलिंग चक्राच्या शेवटापर्यंत असते.

तिसरं सेवा थांबवण्याचं. थकबाकी, तक्रार किंवा ‘लागू कायदा’ या कारणांनी कंपनी सेवा स्थगित करू शकते, आणि तो लागू कायदा भारतातलाच असेल असं नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. भारतात नोंदलेली, भारतात तेल शुद्ध करणारी कंपनी. लायसन्सचे पैसे भरलेले. तरी कर्मचाऱ्यांचा ईमेल बंद. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. तिच्याकडे वकिलांची फौज होती. आपण निदान ईमेल आणि हिशोब या दोन गोष्टींची ताजी प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवावी. त्याचप्रमाणे अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टमुळे अमेरिकी कंपनीकडचा डेटा मुंबईत असला तरी तिथलं न्यायालय तो मागू शकतं.

चौथं, वाद कोणत्या न्यायालयात. सांगलीच्या व्यापाऱ्याला दिल्लीला तारखांना जाणं परवडत नाही आणि समोरच्याला ते ठाऊक असतं. व्हेंडरच्या करारात आपल्या जिल्ह्याचं नाव घाला.

पाचवं, डेटा परत मिळण्याचं. नमुना म्हणून असं कलम वापरता येईल:

‘सेवा कोणत्याही कारणाने संपल्यास त्या तारखेपासून ३० दिवस ग्राहकाला त्याचा संपूर्ण डेटा मूळ स्वरूपात उतरवून घेता येईल. रकमेच्या वादामुळे डेटा अडवून ठेवता येणार नाही. त्यानंतर १५ दिवसांत बॅकअपसह सर्व प्रती पुसून तसे लेखी प्रमाणपत्र देण्यात येईल.’

मधलं वाक्य गाळायला व्हेंडर हमखास सांगतो. तेच राखायचं आहे.

व्यक्तींची माहिती हाताळणाऱ्याशी वैध करार असणं २०२३ च्या कायद्याने आवश्यक केलं आहे, म्हणून त्यात सुरक्षेचे उपाय, गळती झाल्यास तुम्हाला किती तासांत कळवायचं (दोन तास मागा) आणि पुढे आणखी कोणाला काम देता येणार नाही, हेही हवं. युरोपातल्या लोकांची माहिती हाताळत असाल तर तिथला डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआरही लागू शकतो; गिऱ्हाईक कंपनी जो डेटा प्रोसेसिंग करार पाठवेल त्यातल्या अटी तुमच्या क्लाउडकडून पूर्ण होतात का ते सहीआधी ताडून पाहा. सहकारी बँकेला सॉफ्टवेअर पुरवत असाल तर रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे (आयटीची कामं बाहेर देण्याचे) निर्देश बघा. ते मोठ्या नागरी सहकारी बँकांना लागू असल्याने ती बँक तुमच्याकडे ऑडिटचा हक्क मागणारच.

पायरी ५: लॉग आणि सहा तास

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश फक्त आयटी कंपन्यांना आहेत असा समज आहे. ते सेवा पुरवठादारांपासून सर्वसाधारण व्यापारी संस्थांपर्यंत सगळ्यांना आहेत. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर), डेटा गळती, अनधिकृत प्रवेश असं काही घडल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि यंत्रणांचे लॉग (कोणी केव्हा काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे.

लॉगच्या बाबतीत गफलत अशी होते की क्लाउड ‘आपोआप’ लॉग ठेवतं, यावर लोक निर्धास्त असतात. ॲमेझॉनची घटनांची यादी ९० दिवसांचीच, मायक्रोसॉफ्ट अझुरचा ॲक्टिव्हिटी लॉगही ९० दिवसांचा. म्हणजे निम्मेच. दोन्हीकडे लॉग वेगळ्या स्टोरेजमध्ये पाठवण्याची सेटिंग स्वतः चालू करावी लागते. ती करतानाच मुदत ३६५ दिवस ठेवा, कारण डेटा संरक्षणाच्या नव्या नियमांत लॉग वर्षभर ठेवायचे आहेत. स्टोरेजचा खर्च किरकोळ असतो. लॉगमधली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. पोलिसांना किंवा सर्ट-इनला देताना ‘रात्री १०.४०’ लिहून लॉगमध्ये १७.१० दिसलं की सगळ्यांचा गोंधळ होतो. दोन्ही वेळा लिहा.

घटना घडलीच, तर क्रम असा ठेवा. लक्षात आल्याची वेळ कागदावर लिहा, कारण सहा तास तिथून मोजायचे. बाधित सर्व्हर नेटवर्कपासून तोडा, पण बंद किंवा फॉरमॅट करू नका. डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची हुबेहूब प्रत) घ्या. मुख्य खात्याचा पासवर्ड आणि सगळ्या ॲक्सेस की बदला. मग सर्ट-इनला हातात आहे तेवढ्या माहितीवर कळवा. उरलेली नंतर देता येते. ‘आधी नक्की काय झालं ते शोधू, मग कळवू’ यात सहा तास उडून जातात. हा क्रम छापून भिंतीवर लावा, आणि कळवण्याचं काम कोणाचं ते आजच ठरवा. रविवारी पहाटे तीन वाजता कोण, हाही प्रश्न विचारा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यावसायिकांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यानंतर गळती झाली तर बाधित प्रत्येक व्यक्तीला आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यावी लागेल. सर्ट-इनचे सहा तास वेगळे राहतीलच. सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा दाखवून सॉफ्टवेअर विकणारे बरेच फिरतात. दंड ठरवताना मंडळाला चुकीचं गांभीर्य, तिचा कालावधी आणि तुम्ही काय उपाय केले ते पाहावं लागतं, एवढं त्यांना ऐकवा.

पायरी ६: बिल आणि जीएसटी

खात्यात जीएसटी क्रमांक भरला नसेल तर बिल जीएसटी नोंदणी नसलेल्या साध्या ग्राहकाचं म्हणून निघतं आणि १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट बुडतं. पहिल्याच दिवशी भरा. बिल परदेशी कंपनीचं असेल तर रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे विकणाऱ्याऐवजी कर घेणाऱ्याने भरायचा: १०,००० रुपयांच्या बिलावर १,८०० रुपये आयजीएसटी तुम्ही रोखीने (म्हणजे जमा क्रेडिटमधून न वळवता) भरायचा, ३बी विवरणात दाखवायचा, सेल्फ-इन्व्हॉइस काढायचं आणि मग क्रेडिट घ्यायचं. डायरेक्टरच्या वैयक्तिक क्रेडिट कार्डावर डॉलरमध्ये जाणारी महिन्याची वर्गणी इथे हमखास सुटते. परदेशी बिलावर टीडीएस कापायचा का, हे त्या देशाशी भारताच्या असलेल्या कर-करारावर ठरतं. पहिल्या बिलाआधीच सीएला दाखवा.

पायरी ७: कोर्टात दाखवायची वेळ आली तर

उधारी वसुलीच्या दाव्यात क्लाउडवरचं लेजर किंवा ईमेल दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग आहेत: भाग अ यंत्रणा ज्याच्या ताब्यात तो देतो, भाग ब तज्ज्ञ देतो, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला आकडा) लिहावी लागते. फाइल उतरवताच एसएचए-२५६ हॅश काढून, तारीख-वेळेसह वहीत लिहा. नंतर ती फाइल एक्सेलमध्ये उघडून नुसती सेव्ह केली तरी हॅश बदलतो, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवा.

प्रमाणपत्र देणारा हातात नसेल तर काय होतं, हे जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात दिसलं. निवडणूक कार्यालयाचं व्हिडिओ चित्रण पुरावा होतं, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की प्रमाणपत्र आवश्यकच आहे. समोरचा देत नसेल तर ते मिळवून द्यावं म्हणून न्यायालयाकडे अर्ज करा. तुमचं खातं भांडलेल्या व्हेंडरच्या ताब्यात असेल तर तुमचीही हीच गत. पहिली पायरी पहिली का, ते इथे कळतं.

पायरी ८: बाहेर पडण्याची तालीम

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीची पुस्तकं ८ वर्षं जपायची असतात. क्लाउडची वर्गणी संपल्यावर मात्र मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला डेटा साधारण ९० दिवस उरतो, ॲमेझॉनचं बंद केलेलं खातंही ९० दिवसांतच परत उघडता येतं. कार्डाची मुदत संपली, बिल अडकलं आणि इशाऱ्याचे ईमेल सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिले, असा तो घोटाळा होतो.

वर्षातून एकदा, मार्चअखेरीच्या धावपळीआधी, सगळा डेटा उतरवून दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नुसता उतरवून पुरत नाही. टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून मागच्या वर्षाचा ताळेबंद जुळतो का ते पाहा. कायमचं बाहेर पडायचं असेल तर डेटा उतरवण्याचं शुल्क माफ करून मागा. गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २०२४ मध्ये ही सवलत जाहीर केली. मात्र उतरवायला सुरुवात करण्याआधी त्यांना कळवावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीत काम संपवावं लागतं. ॲमेझॉनकडे ती ६० दिवसांची आहे.